चार सीएनसी, एकच शाफ्ट : फरक खरा आहे की योगायोग?

शिरोलीचा_क्वालिटीवाला
नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका छोट्या मशीनशॉपमध्ये क्वालिटीचं काम बघतो. आमच्याकडे पंपाचा एक शाफ्ट चार सीएनसी टर्निंग मशीनवर चालतो. बेअरिंग बसतं तो व्यास २५ के६ आहे, म्हणजे २५.००२ ते २५.०१५ मिमी. कस्टमरची ओरड अशी की काही नगांवर बेअरिंग सैल बसतं, काहींवर ठोकून बसवावं लागतं. मालकांनी प्रत्येक मशीनचे पाच नग मोजायला लावले. २५.००० च्या वर किती मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग), ते खाली देतो:

मशीन १ : ४, ६, ५, ७, ३ (सरासरी ५)
मशीन २ : ६, ७, ८, ७, ७ (सरासरी ७)
मशीन ३ : २, ८, ५, ९, १ (सरासरी ५)
मशीन ४ : १०, १२, ९, ११, ८ (सरासरी १०)

मालक म्हणतात, "चार नंबर सगळ्यांत जुनं, आकडाही त्याचाच वर. फुकून टाकू, नवीन घेऊ." एक्सेलमध्ये अ‍ॅनोव्हा सिंगल फॅक्टर (अनेक गटांच्या सरासऱ्या एकदम ताडायची चाचणी) चालवलं तर एफ ६.२ आला, पी (मशीन सारखी असूनही नुसत्या योगायोगानं एवढा फरक दिसायची शक्यता) ०.०१ पेक्षाही कमी. म्हणजे फरक खरा धरायचा ना? आणि खरा असला तर चार नंबर विकायचं का? लाखांचा मामला आहे, म्हणून विचारतोय.

रंकाळा_चौपाटी
जागा धरून ठेवतोय. चहा घेऊन येतो.

उद्यमनगरचा_बापू
के६ टर्निंगवर काढताय? लई धाडस की ओ. आमच्या वेळंला बेअरिंगची जागा ग्राइंडिंगशिवाय कोण सोडत नव्हतं. आणि मशीन खराब हाय का बरं, हे आकडेमोड करून कळतंय व्हय? स्पिंडलजवळ कान न्या, जॉबवर नख फिरवा. मिस्त्रीला इचारा, तो दोन मिनिटांत सांगंल.

शिरोलीचा_क्वालिटीवाला
बापू, फिनिशिंगचा कट वेगळ्या इन्सर्टनं (कापायच्या पात्यानं) घेतो, निघतं के६. मिस्त्रींना विचारलं होतं. एक म्हणतो तीन नंबर, दुसरा म्हणतो चार नंबर. म्हणून तर इथं आलो.

आकडेवाली_ताई
संख्याशास्त्र शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कंटाळा आला तर उडी मारा.

चार घरांतल्या भावांच्या उंच्या मोजल्या असं समजा. एकाच घरातल्या भावाभावांत फरक असणारच. प्रश्न असा की घराघरांतला फरक त्याहून ठळक आहे का? एफ म्हणजे हेच गुणोत्तर. तुमच्या आकड्यांत प्रत्येक मशीनच्या आतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज ७२ येते. वीस नग आणि चार मशीन, म्हणून १६ ने भागायचं : ४.५. मशीनमशीनमधली बेरीज ८३.७५, तिला ३ ने भागलं की २७.९. भागाकार ६.२. पाच टक्क्यांच्या पातळीला तक्त्यातली हद्द ३.२४ आहे. तेव्हा "चारही मशीनची सरासरी एकच" हे म्हणणं टिकत नाही. इथपर्यंत तुमचं गणित बरोबर आहे.

पण अ‍ॅनोव्हा इथंच थांबतो. फरक कोणाकोणात आहे ते तो सांगत नाही. त्यासाठी टुकीची चाचणी लावा. तुमच्या बाबतीत दोन सरासऱ्यांत साधारण ३.८ मायक्रॉनपेक्षा जास्त अंतर असेल तरच ते मोजायचं. ४ आणि १ मध्ये ५, ४ आणि ३ मध्येही ५, हे दोन्ही पास. ४ आणि २ मध्ये मात्र ३ च आहे. म्हणजे "चार नंबर सगळ्यांपेक्षा वेगळं" असं या आकड्यांवरून छातीठोक म्हणता येत नाही.

गोकुळ_शिरगाव_एक्सप्रेस
ताई, एवढं टुकीबिकी कशाला? दोन दोन मशीन घ्यायची आणि टी-टेस्ट मारायची. आमच्या कंपनीत असंच करतात.

आकडेवाली_ताई
चार मशीनच्या सहा जोड्या होतात. प्रत्येक वेळी पाच टक्के चुकायची मुभा घेतली, तर सहांत मिळून कुठंतरी खोटा फरक दिसायची शक्यता पंचवीस टक्क्यांच्या आसपास जाते. मशीन आठ असतील तर जोड्या अठ्ठावीस. मग कुठलं ना कुठलं मशीन बळी जाणारच. टी-टेस्ट आली गिनेस या दारूच्या कंपनीतून. तिथला गॉसेट १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावानं लिहीत होता. ती दोन गटांसाठी आहे, तिला तिथंच राहू द्या.

रंकाळा_चौपाटी
दारूच्या कंपनीतून आलेली टेस्ट म्हटल्यावर गोकुळ शिरगावात चालणारच. :ड

मायक्रॉन_मास्तर
ताईंचं गणित चोख आहे, पण धाग्यातली मोठी गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली. सरासरीवरून मशीन विकायला निघालाय? अहो, सरासरी सरकली तर ऑफसेटमध्ये (टूल किती आत-बाहेर घ्यायचं त्या मशीनमधल्या सेटिंगमध्ये) दोन आकडे मारायचे आणि मोकळं व्हायचं. एका मिनिटाचं काम. पसारा, म्हणजे एकाच मशीनच्या नगानगातला फरक, मात्र ऑफसेटनं आवरत नाही.

आता ड्रॉइंग बघा. २ ते १५ च्या मधोमध काय येतं? ८.५. चार नंबरची सरासरी १०, म्हणजे मध्यापासून दीड मायक्रॉन लांब. एक नंबर मध्यापासून साडेतीन लांब आहे, तेही खालच्या अंगाला. ज्याला विकायला काढलंय ते एक नंबरपेक्षा मध्याजवळ आहे! याच आकड्यांवर सीपीके (ड्रॉइंगच्या हद्दीत मशीन किती सांभाळून चालतं त्याचं माप, मोठं तेवढं चांगलं) काढला, तर २ नंबरचा २ च्या वर, ४ नंबरचा १.०५, १ नंबरचा ०.६३ आणि ३ नंबरचा ०.२८. पाच नगांवर सीपीके काढणं हा चावटपणाच आहे, पण क्रम तरी दिसतो. ३ नंबरचा तो '१' वाला नग तर सरळ रिजेक्ट आहे.

अ‍ॅनोव्हाच्या नजरेत १ आणि ३ सारखेच, कारण दोघांची सरासरी ५. प्रत्यक्षात ३ नंबर १ ते ९ नाचतंय.

उद्यमनगरचा_बापू
मास्तर बोलला ते पटलं. नाचणारं मशीन मिस्त्रीला कानानं कळतं म्हणत हुतो ते हेच.

बुरुड_गल्ली
वाचतोय. भारी चाललंय.

आकडेवाली_ताई
मास्तर, पूर्ण सहमत, आणि त्यात एक तांत्रिक मेखही आहे. साधा अ‍ॅनोव्हा असं धरून चालतो की सगळ्या मशीनचा आतला पसारा सारखाच आहे. इथं व्हेरियन्स (पसाऱ्याचं माप) आहेत २.५, ०.५, १२.५ आणि २.५. दोन नंबर आणि तीन नंबरमध्ये पंचवीसपट! बार्टलेटची चाचणी लावली तर ८.५ येतात, हद्द ७.८. म्हणजे गृहीतकच मोडलं. ज्यांना पसारा सारखा धरायचा नाही त्यांच्यासाठी वेल्चची पद्धत आहे. तिनंही एफ ७.८ येतो, म्हणजे सरासऱ्यांबद्दलचा निष्कर्ष बदलत नाही. टुकीचा तो ३.८ मात्र सगळ्यांच्या एकत्रित पसाऱ्यावरून काढलेला होता, त्याला आता चिमूटभर मीठ लावून घ्या.

एक्सेलवाल्यांसाठी युक्ती. त्यात लेव्हीनची चाचणी तयार मिळत नाही. प्रत्येक मशीनच्या मध्यकापासून प्रत्येक नग किती लांब आहे तेवढं काढा, उणे चिन्ह सोडून द्या, आणि त्या अंतरांवर तोच अ‍ॅनोव्हा चालवा. एक नंबरसाठी १, १, ०, २, २. तीन नंबरसाठी ३, ३, ०, ४, ४. एफ ४.६ येईल. हद्द तीच, ३.२४. पसाऱ्यातला फरक सिद्ध.

गोकुळ_शिरगाव_एक्सप्रेस
म्हणजे चार नंबर वाचलं आणि तीन नंबर फासावर?

कास्टिंगवाला_कागल
थांबा, थांबा. एवढ्यात फासावर नको. मी फाउंड्रीत आहे आणि हा खेळ आमच्याकडे रोज चालतो. एकाच हीटचे (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचे), एकाच लॅडलचे दहा नग तोडून हार्डनेस बघतात आणि म्हणतात, "दहा रीडिंग घेतली." ती दहा नव्हेत, एकाच हीटची एक माहिती दहा वेळा मोजलीय. दुसरी हीट ओतली की आकडा कुठल्या कुठे जातो. तेव्हा धागाकर्त्याला प्रश्न : पाच नग निवडले कसे? सलग की दिवसभरातून? बार (कच्च्या मालाची सळई) एकाच लॉटचा? मोजलं कोणी, कशानं?

शिरोलीचा_क्वालिटीवाला
सांगतो. १, २ आणि ४ चे नग लाइन इन्स्पेक्टरनं सकाळी शिफ्ट सुरू झाल्यावर सलग उचलले. ३ नंबरवर सकाळी दुसरा जॉब होता, त्यामुळे त्याचे नग संध्याकाळी बिनमधून हाताला लागतील तसे घेतले. मायक्रोमीटर एकच, ०.००१ लीस्ट काउंटचा. सकाळी इन्स्पेक्टरनं मोजलं, संध्याकाळी मी.

कास्टिंगवाला_कागल
संपला विषय! तीन मशीनचे नग पाच-दहा मिनिटांतले आणि एका मशीनचे अख्ख्या दिवसातले. दिवसभरात इन्सर्ट झिजतो, बदलतो, मशीन तापतं, ऑपरेटर जेवून येतो. हे सगळं ३ नंबरच्या नगांत आलं. बाकीच्यांच्या नगांत यातलं काहीच नाही. पसारा दिसणारच की.

रंकाळा_चौपाटी
कोर्टात ऐनवेळी नवा साक्षीदार! चहा संपला, आता मिसळ मागवतो.

मायक्रॉन_मास्तर
हा मुद्दा मानतो. पण तीन नंबर निर्दोष आहे असंही यातून सिद्ध होत नाही, फक्त खटला उभा राहत नाही. आणि अजून एक. स्टील मीटरला एका अंशामागं साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. २५ मिमीला दहा अंशांचा फरक पडला तर तीन मायक्रॉन तिथंच गेले. सकाळी गार नग आणि संध्याकाळी मशीनवरून काढलेला गरम नग एकाच तक्त्यात लिहू नका. तासभर सरफेस प्लेटवर ठेवा, मायक्रोमीटरही शेजारीच ठेवा.

उद्यमनगरचा_बापू
आणि फॅन बंद करा. आमचा एक इन्स्पेक्टर टेबल फॅनच्या झोतात मोजायचा, दुसरा पत्र्याखाली. दोघांची भांडणं बघायला अख्खं शॉप गोळा व्हायचं.

इचलकरंजी_लूम
मध्येच घुसतोय, माफ करा. आमच्याकडे मायक्रॉन नाहीत. पॉवरलूमवर तासाला किती धागे तुटले ते मोजतो. काही लूमवर शून्य, एक, शून्य, आणि मध्येच चौदा. यालाही अ‍ॅनोव्हा चालेल का?

आकडेवाली_ताई
जसाच्या तसा नको. मोजलेल्या घटनांमध्ये सरासरी वाढली की पसाराही वाढतो. जुना उपाय म्हणजे आकड्यांचं वर्गमूळ घेऊन त्यावर अ‍ॅनोव्हा. नाहीतर क्रुस्कल-वॉलिसची चाचणी. तिच्यात खरे आकडे बाजूला ठेवून सगळ्यांना लहान ते मोठे अनुक्रमांक द्यायचे आणि लूमनुसार त्यांची बेरीज बघायची. तुमचे ते 'चौदा' तिथं फक्त 'सगळ्यांत शेवटचा' होतात, सगळं गणित एकट्यानं ओढून नेत नाहीत. पण चौदा कुठल्या बीममध्ये आले, सुताचा काउंट कोणता होता, हेही लिहून ठेवा. कदाचित दोष लूमचा नसून सुताचा निघेल.

इचलकरंजी_लूम
सुताचाच असणार! वेगळा धागा काढतो. (धाग्यांवरचा धागा. हसा.)

ऊसकरी_पाटील
अवांतर : आमचा मुलगा कृषीला आहे, तो प्लॉट पाडून असंच काहीतरी करतो. एकाच रानात चार जातींचा ऊस, ब्लॉक पाडून.

आकडेवाली_ताई
अवांतर नाहीच पाटील. ही पद्धत शेतातूनच आली. फिशर १९१९ मध्ये इंग्लंडच्या रोथमस्टेड शेती संशोधन केंद्रात लागले आणि खतांच्या प्रयोगांचे आकडे सोडवता सोडवता त्यांनी अ‍ॅनोव्हा उभा केला. एफ हे अक्षर स्नेडेकॉर या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञानं त्यांच्याच नावावरून ठेवलं. रानाचा एक कोपरा पाणथळ, दुसरा मुरमाड, म्हणून प्रत्येक ब्लॉकमध्ये चारही जाती लावायच्या आणि कुठली कुठं ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. कारखान्यात ब्लॉक म्हणजे शिफ्ट, बारचा लॉट, ऑपरेटर.

आता अवांतरात थोडा अभिमान. संख्याशास्त्रात जगभर नाव असलेले वसंत शंकर हुजूरबाजार १९१९ साली कोल्हापुरातच जन्मले. केंब्रिजला शिकले, १९६० चं अ‍ॅडम्स पारितोषिक, १९७४ ला पद्मभूषण. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी उभा केला. आपल्या पोरांना हे नाव माहीत नसतं.

बुरुड_गल्ली
खरंच माहीत नव्हतं. जगात भारी म्हणतो ते उगाच नाही.

गोकुळ_शिरगाव_एक्सप्रेस
मग आता धागाकर्त्यानं करायचं काय ते एकदा सांगा. मालक मशीन विकून मोकळे होतील तोवर.

मायक्रॉन_मास्तर
माझं मत : एका लॉटचा बार चारही मशीनला वाटा. शिफ्टभर ठरावीक अंतरानं प्रत्येक मशीनवरून सलग तीन-तीन नग घ्या, इन्सर्ट कधी बदलला आणि ऑफसेट कधी मारला ते शेजारी लिहा. नगांवर मशीन नंबर न लिहिता कोड टाका, म्हणजे मोजणाऱ्याला नग कुठला ते कळणार नाही. आणि मोजायच्या आधी मोजमापाचीच परीक्षा घ्या. तेच दहा नग दोघांनी दोन-दोनदा मोजा. तुमच्या दोघांतच दोन मायक्रॉनचा फरक निघाला, तर मशीनची चर्चा पुढच्या महिन्यात.

आकडेवाली_ताई
ऑपरेटर चार असतील तर लॅटिन स्क्वेअर करा. चार दिवस, चार मशीन, चार ऑपरेटर. रोज जागा बदलायच्या, प्रत्येक ऑपरेटर प्रत्येक मशीनवर एकदाच. सोळा खेपांत मशीन, माणूस आणि दिवस तिन्ही सुटे होतात.

शिरोलीचा_क्वालिटीवाला
ऑपरेटर तीनच आहेत ताई. आणि त्यातला एक शाहू स्टेडियमवर मॅच असली की येत नाही.

रंकाळा_चौपाटी
तो व्हेरियन्स कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये बसत नाही.

आकडेवाली_ताई
मग शिफ्टलाच ब्लॉक धरा, मास्तरांच्या योजनेप्रमाणे. फक्त पसाऱ्याबद्दल बोलायचं तर नग जास्त लागतील हे मालकांना आधीच सांगा. पाच नगांवरून जे स्टँडर्ड डेव्हिएशन निघतं, मशीनचं खरं स्टँडर्ड डेव्हिएशन त्याच्या ०.६ पट ते २.९ पट कुठंही असू शकतं. तीस नग घेतले की हीच पट्टी ०.८ ते १.३५ वर येते.

शिरोलीचा_क्वालिटीवाला
धागा वर काढतोय. मास्तरांची योजना जमेल तेवढी राबवली. दोघांच्या मोजण्यात फार फरक निघाला नाही, तो प्रश्न मिटला. चित्र मात्र वेगळंच दिसलं. सलग तीन नगांतला पसारा चारही मशीनवर जवळपास सारखा आहे, ३ नंबरवरसुद्धा. दिवसभर सगळ्यांचे आकडे हळूहळू वर सरकतात, कारण इन्सर्ट झिजला की व्यास वाढत जातो. ३ नंबरवर इन्सर्ट बदलला की एकदम उडी दिसते, कधी खाली कधी वर. ऑपरेटरला विचारलं तर म्हणाला, नवीन इन्सर्ट लावल्यावर अंदाजानं ऑफसेट मारतो आणि पहिला नग मोजायला पाठवत नाही, कारण इन्स्पेक्शनची खोली शेडच्या दुसऱ्या टोकाला आहे. १, २ आणि ४ खोलीच्या बाजूलाच आहेत.

३ नंबरशेजारी आता स्टँड आणि वेगळा मायक्रोमीटर ठेवलाय. चार नंबर विकायचा विषय मालकांनी सध्या बाजूला ठेवलाय, पण "सध्या" हा शब्द त्यांनी दोनदा वापरला.

उद्यमनगरचा_बापू
बघा, मशीन न्हाई, चालायला कंटाळा. तरीबी टर्निंगवर के६ नको म्हणतो मी.

कास्टिंगवाला_कागल
पहिला नग मोजून ऑफसेट मारल्यावर उडी गेली का, तेवढं बघा. आणि नवा मायक्रोमीटर जुन्याशी एकाच स्लिप गेजवर (नेमक्या मापाच्या ठोकळ्यावर) जुळवून घ्या, नाहीतर ३ नंबरला नवाच फरक दिसायला लागेल.

आकडेवाली_ताई
नवी फाइल इथं टाकता का? नग खेपेच्या पोटात आणि खेप मशीनच्या पोटात, असा नेस्टेड अ‍ॅनोव्हा करून देते. एकूण पसाऱ्यातला किती हिस्सा मशीनचा, किती इन्सर्टच्या झिजण्याचा आणि किती नगानगातला, ते वेगवेगळं कळेल. मालकांना एफपेक्षा ते टक्के लवकर पटतात.

शिरोलीचा_क्वालिटीवाला
मालकांना विचारून टाकतो, कस्टमरचं नाव आणि ड्रॉइंग नंबर पुसून. आणि जुळवायला स्लिप गेज शेजारच्या शॉपमधून मागून आणावं लागेल, आमच्या सेटमधलं २५ चं कुणीतरी नेलंय.